पुण्याची भुयारी मेट्रो आणि आम्ही बाया

आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात आम्ही बाराजणी आहोत. आज आम्हाला बोलायचंय ते पुण्याच्या मेट्रोबद्दल, आणि त्यातही जमिनीच्या पोटात जी स्टेशनं बांधली आहेत त्यांच्याबद्दल. तुम्ही म्हणाल, आपलं रान, आपली गुरं, गटाचे हप्ते सोडून ह्या बायांनी मेट्रोचं काय काढलं? जरा ऐका, म्हणजे कळेल.

आपल्या नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून, पुण्याला जाणं कोणाला चुकलंय? गावात जमलं नाही, नगरला जमलं नाही, की दुखणं घेऊन माणूस पुण्याला जातो. मुलगी बारावी झाली की कॉलेजसाठी पुणे. लग्नाची खरेदी तुळशीबागेत. गटाचे पापड, लोणची, चटण्या घेऊन डिसेंबरच्या सुमाराला भीमथडी जत्रेला जायचं, तेही पुण्यातच. सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली हा रस्ता आपल्याला तोंडपाठ आहे. पण एसटीतून खाली पाय ठेवला की तिथून पुढचं पुणं मात्र आपलं नसतं. तिथून पुढे "कोणीतरी सोबत पाहिजे" असं आपण म्हणतो, आणि घरचेही म्हणतात.

ह्या सोबतीचा हिशोब आम्ही एकदा गटाच्या बैठकीत मांडला. आमच्यातल्या एकीच्या लेकीला दर महिन्याला पुण्यात तपासणीला न्यावं लागतं. औषध चालू आहे, आणि तारीख चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मायलेकींचं भाडं परवडतं. पण सोबतीला नवरा येणार, त्याचं पूर्ण तिकीट. त्याचा दिवसाचा रोज बुडणार. उतरल्यावर रिक्षा, परत येताना रिक्षा. हे सगळं धरलं तर औषधापेक्षा जाण्यायेण्याचाच खर्च जास्त. आणि कांदा काढणीच्या दिवसांत नवऱ्याला सवड नाही, दिराला सवड नाही, म्हणून लेकीच्या दोन तारखा हुकल्या. ती ताई बैठकीत सांगता सांगता रडायला लागली. म्हणाली, "मला दवाखान्याची भीती नाही. मला त्या शहरात हरवायची भीती आहे."

त्याच दिवशी आम्ही ठरवलं, की एक दिवस सगळ्यांनी मिळून जायचं आणि मेट्रो शिकून यायची. खरेदी नाही, दवाखाना नाही, फक्त शिकायला. आठजणी तयार झाल्या. त्यात एक सत्तरीच्या आजी, तिघी अशा की ज्यांना सही सोडली तर वाचता येत नाही, आणि एक ती लेकीची आई. त्या दिवशी आणि त्यानंतरच्या खेपांना जे शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

आधी मेट्रोची मांडणी समजून घ्या. पुण्यात पहिली मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. तिच्या दोन वाटा आहेत. एक वाट वनाजपासून, म्हणजे कोथरूडच्या बाजूने, रामवाडीपर्यंत येते. हिला अ‍ॅक्वा लाईन म्हणतात, खूण पाण्यासारखी निळसर. ही सगळी वरून, पुलावरून जाते. दुसरी वाट पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटला येते, तिची खूण जांभळी. ही वाट शिवाजीनगरच्या आधी जमिनीत शिरते आणि स्वारगेटपर्यंत जमिनीखालूनच राहते. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही तिची पाच भुयारी स्टेशनं. जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतचा शेवटचा तुकडा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना भेटतात ते स्टेशन म्हणजे जिल्हा न्यायालय. लोक त्याला सिव्हिल कोर्टही म्हणतात. हे एक नाव पक्कं ध्यानात ठेवा. एसटीचं जसं जंक्शन असतं, तसं हे मेट्रोचं जंक्शन.

आता आपल्या कामाची गोष्ट. रामवाडी स्टेशन नगर रस्त्यावरच आहे. आपली एसटी तिथून जवळूनच जाते. शिवाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीच्या स्टँडवर लागतात. तिथपर्यंत जाऊन पुन्हा मागे रिक्षा करण्यापेक्षा, गाडीत चढतानाच वाहकाला विचारायचं, "दादा, रामवाडी मेट्रोच्या जवळ गाडी कुठे थांबते?" थांबत असेल तिथे उतरायचं. रामवाडीपासून पुढे ही मेट्रो वाघोली, विठ्ठलवाडीपर्यंत वाढवायला जून २०२५ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली आहे. ते काम होईल तेव्हा मेट्रो आपल्या आणखी जवळ येईल. तोवर रामवाडी हेच आपलं दार.

ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही बोटांच्या पेरांचा हिशोब बसवला. रामवाडीहून निघाल्यावर पहिलं कल्याणीनगर, दुसरं येरवडा, तिसरं बंडगार्डन, चौथं रुबी हॉल, पाचवं पुणे रेल्वे स्टेशन. ससून रुग्णालयाला जायचं असेल तर ह्या पाचव्या स्टेशनावर उतरायचं. तिथून ससून चालत जाण्याइतकं आहे. सहावं मंगळवार पेठ आणि सातवं जिल्हा न्यायालय. मंडईला किंवा स्वारगेटला जायचं असेल तर सातव्याला उतरून खाली जायचं आणि जांभळी गाडी पकडायची. तिथून पुन्हा मोजायला सुरुवात. पहिलं कसबा पेठ, दुसरं मंडई, तिसरं स्वारगेट. म्हणजे आमचं गाणंच झालं, "पाचाला ससून, साताला बदल, मग दोनाला मंडई, तिनाला स्वारगेट." आमच्या आजींना अक्षर येत नाही, पण एकही स्टेशन चुकत नाही. गाडीत प्रत्येक स्टेशनाचं नाव मराठीतून पुकारतातही, पण बायका बोलत बसल्या की ऐकू येत नाही. पेरं मोजलेली बरी.

तिकिटाचं सांगतो. मोबाईलवर तिकीट निघतं, कार्ड मिळतं, सगळं खरं. पण खिडकीवर रोख पैसे देऊनही तिकीट मिळतं. कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ३५ रुपये. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत मात्र एसटीपुरतीच आहे, मेट्रोत ती मागू नका. सुट्टे पैसे पदराच्या गाठीत आधीच बांधून ठेवा. तिकिटाच्या कागदावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, फोनवर पैसे देताना दुकानात असतो तसाच. आत जायच्या फाटकावर एक काच असते. त्या काचेवर तो चौकोन पालथा धरायचा, की झडप उघडते. एका तिकिटावर एकीनेच जायचं. झडप उघडली की रेंगाळायचं नाही. लहान पोर सोबत असेल तर त्याला पुढे घ्यायचं, मागे ठेवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट फेकायचं नाही, चुरगाळायचं नाही. बाहेर पडताना तेच तिकीट पुन्हा दाखवावं लागतं. आम्ही ते पोलक्यात न ठेवता पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. घामाने कागद भिजला की यंत्राला तो चौकोन वाचता येत नाही.

फाटकाच्या आधी तपासणी असते. पिशव्या यंत्रातून जातात आणि आपल्याला एका चौकटीतून जावं लागतं. बायांची तपासणी बायाच करतात. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, पुरुषांचीही होतेच. पण एक ध्यानात ठेवा. मंडईतून विळी घेतली, कोयता घेतला, तर तो घेऊन मेट्रोत जाता येणार नाही. रॉकेल, गॅसची टाकी, फटाके, असलं काहीच चालत नाही. धारेची वस्तू घ्यायची असेल तर त्या दिवशी दुसऱ्या वाहनाने यायचं ठरवा. मिश्री, तंबाखूचंही सांगते ती आमच्यातली एक, की "बाई, इथे थुंकायला जागा नाही आणि थुंकलं तर दंड." डब्यात खाणंपिणं नाही, आणि जागा नसली तरी खाली बसायचं नाही. आपल्याला एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर जमिनीवर बैठक मारायची सवय. इथे तसं बसू देत नाहीत. पाय दुखत असतील तर स्टेशनावर बाकडं कुठे आहे ते विचारा.

आता सरकता जिना. खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्याजणींना भुयाराची नाही, ह्या जिन्याचीच धास्ती होती. पायऱ्या आपोआप खालून निघतात आणि वर जातात, पाय कुठे ठेवावा कळत नाही. पुण्यात कामाला असलेल्या एका पोरीने आम्हाला बाजूला घेऊन दाखवलं. तिची रीत अशी. आधी निऱ्या थोड्या वर खोचायच्या, पदर कमरेला बांधायचा, कारण साडीचा काठ पायरीच्या फटीत अडकला तर पडायला होतं. नऊवारीवाल्यांना ही अडचण कमी. उजव्या हाताने सरकता कठडा धरायचा. पायरीच्या कडेला पिवळी रेघ असते, त्या रेघांच्या मधोमध पाऊल ठेवायचं. पाऊल ठेवल्यावर हलायचं नाही, वाकून खाली बघायचं नाही. शेवट आला की जिना सपाट होतो, तेव्हा पाऊल उचलून पुढे टाकायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. मागून माणसं येत असतात, तिथेच थांबून एकमेकींना हाका मारल्या तर मागचे अंगावर येतात. पोराला हाताला धरायचं, पिशवी पायरीवर ठेवायची नाही. ज्यांना हे नको त्यांनी लिफ्ट वापरायची. आमच्या आजी सरळ म्हणाल्या, "मी ह्या चालत्या पायऱ्यांवर पाय ठेवणार नाही." त्यांना आम्ही लिफ्टने नेलं. ज्येष्ठ माणसं, गरोदर बाया, गुडघेदुखी असलेल्या बाया, पांगळी माणसं यांच्यासाठीच लिफ्ट असते. ती वापरण्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष भुयारात उतरू. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ १०८ फूट. आपल्या पारनेर भागातली पन्नास फुटांची विहीर धरली, तर एकीखाली एक अशा दोन विहिरी मांडल्या तरी तळ हाती लागायचा नाही. रामवाडीची गाडी पुलावर येते, म्हणजे वरच्या मजल्यावर उतरायचं आणि एकामागून एक जिने उतरत तळाला जायचं. आम्हाला वाटलं होतं तिथे अंधार असेल, कोंदट असेल, जीव गुदमरेल. तसं काही नाही. छत उंच ठेवलंय आणि वरून उजेड आत येईल अशी सोय केली आहे. हवा यंत्राने आत खेळवतात. फलाटावर इतका थंडावा की आमच्यातली एक म्हणाली, "उन्हाळ्यात इथेच वाळवण घालू गं." मग सगळ्याजणी हसायला लागल्या, की उन्हाशिवाय वाळवण कसं वाळेल!

हे भुयार काढायला तीन मोठी यंत्रं लावली होती आणि त्यांना नावं आपल्या नद्यांची दिली होती, मुळा, मुठा आणि पवना. जूनमध्ये, २०२२ साली, खोदाईचं काम संपलं. जिल्हा न्यायालय आणि कसबा पेठ यांच्यामध्ये गाडी मुठा नदीच्या पात्राखालून जाते. वर पेठांमधली जुनी घरं, वाडे, रस्ते तसेच आहेत. आजी विचारत होत्या, नदीचं पाणी आत येणार नाही का? भुयाराला आतून सगळीकडे सिमेंटच्या जाड कड्या बसवलेल्या असतात, विहिरीला आपण रिंगा टाकतो तशाच, फक्त आडव्या. हे सांगितल्यावर त्यांना पटलं. आणि जमिनीत उतरणं आपल्याला नवं थोडंच आहे. चौंडीच्या अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी विहिरी, बारवा बांधल्या. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी आणणाऱ्या बायांच्याच आपण लेकी आहोत.

फलाटावर दोन्ही बाजूंना गाड्या येतात. कुठली गाडी कुठे जाते हे वरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं, हे समजून घ्या. मंडईला जायचं असलं तरी पाटीवर "स्वारगेट" असेल. उलट्या बाजूच्या गाडीवर पिंपरी-चिंचवडचं नाव असेल. वाचता येत नसेल तर विचारायचं, "ही स्वारगेटची का?" एकाला विचारून भागत नसेल तर दोघांना विचारायचं. पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहायचं. गाडीला तीन डबे असतात. बायांच्या डब्याची पाटी फलाटावर किंवा दारावर दिसली तर तिथे उभं राहायचं. आधी आतल्यांना उतरू द्यायचं, मग चढायचं. दार आपोआप बंद होतं. एसटीसारखं दारात पिशवी टाकून जागा धरायची नाही आणि बंद होणाऱ्या दारात हात घालायचा नाही.

ह्यावरून एक नियम आम्ही घरून निघतानाच ठरवला होता, आणि तो तुम्हीही ठरवूनच निघा. चुकामूक झाली तर काय करायचं? नियम असा. जी गाडीत चढली तिने पुढच्या स्टेशनावर उतरायचं आणि फलाटावरच थांबायचं, वर जायचं नाही. जी मागे राहिली तिने पुढची गाडी पकडून त्याच पुढच्या स्टेशनावर उतरायचं. दोघींनी एकमेकींना शोधत फिरायचं नाही. कसबा पेठेला आमच्या सहाजणी चढल्या आणि दार लागलं, दोघी मागे राहिल्या. त्यातली एक वाचता न येणारी. सहाजणी मंडईला उतरून फलाटावर थांबल्या. काही मिनिटांत पुढची गाडी आली आणि त्यातून त्या दोघी उतरल्या. रडारड नाही, धावाधाव नाही. घरी परतल्यावर सगळ्यांत जास्त वेळा हीच गोष्ट सांगितली गेली.

बाहेर पडताना फाटकं किती आणि कुठल्या रस्त्याला निघतात हे बघा. भुयारी स्टेशनात इथेच गोंधळ होतो. वरचं काही दिसत नाही, सूर्य दिसत नाही, पूर्व-पश्चिम कळत नाही. चुकीच्या दाराने वर आलं की रस्त्याच्या पलीकडे निघतो आणि मग रिक्षावाला सांगेल ते खरं. म्हणून तिकिटाच्या खिडकीवर किंवा तपासणीवाल्या ताईला विचारायचं, "तुळशीबागेला कुठल्या दाराने?" आणि त्या दाराचा आकडा ध्यानात ठेवायचा. परत येताना त्याच दाराने उतरायचं. दाराबाहेरची एक खूण मनात ठेवायची, कुठलं दुकान, कुठलं झाड.

मंडई स्टेशनाचा आपल्याला फार उपयोग आहे. महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, दगडूशेठ गणपती हे सगळं चालत जाण्याइतकं. आणि तिथून जवळच भिडेवाडा, जिथे १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण आपल्या नगरलाच मिस फरार यांच्याकडे घेतलं, आणि मग त्या पुण्यात शिकवू लागल्या. त्यांच्या वाटेत लोक शेण टाकत होते. आपल्या वाटेत तर फक्त एक सरकता जिना आहे.

काही अडचणी आहेत, त्याही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्या बाया नुसती तारीफ करतात. स्टेशनात चालणं बरंच होतं. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची म्हणजे गुडघ्यांचा कस लागतो, वेळ हातात ठेवून निघा. सकाळी कामाच्या वेळेला आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेला फार गर्दी असते, आजारी माणसाला घेऊन त्या वेळेत जाऊ नका. मेट्रो स्टेशनापर्यंत नेते, दारापर्यंत नाही. पुढचं चालणं किंवा रिक्षा राहतेच. आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते सकाळीच विचारून ठेवा. मेट्रो रात्रीपर्यंत चालते, पण आपल्या गावाची शेवटची गाडी तेवढा वेळ थांबत नाही.

कोणी धक्का मारला, अंगलट आलं, तर गप्प बसू नका. मोठ्याने बोला. मेट्रोत कॅमेरे असतात, पहारेकरी असतात. डब्यात दाराजवळ एक बटण असतं, ते दाबलं की गाडी चालवणाऱ्याशी बोलता येतं. ते खेळायला दाबायचं नाही, पण गरज पडली तर घाबरायचंही नाही. आणि कुठेही, कधीही, फोनवर ११२ लावला की पोलिसांची मदत मिळते. बायांसाठी १८१ आहे. हे दोन आकडे लेकीसुनांना पाठ करायला लावा. पुण्याची मेट्रो चालवणाऱ्यांत मुलीही आहेत, हेही त्यांना सांगा. आमच्या गटातल्या एका नातीने ते ऐकलं तेव्हापासून ती म्हणते, मी ट्रॅक्टर शिकेन, मग मेट्रो.

आपल्या तालुक्याची कितीतरी माणसं मुंबईला आहेत. तिकडे जाणाऱ्या मैत्रिणींनी ऐकावं. मुंबईतही आता आरेपासून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो आहे. साडेतेहतीस किलोमीटरची ही वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सत्तावीस स्टेशनांपैकी सव्वीस जमिनीखाली आहेत. सिद्धिविनायक, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही तिच्यावरचीच स्टेशनं. तिथे फलाटालाही काचेची दारं आहेत, गाडी आली की दोन्ही दारं एकदम उघडतात. बाकी तिकीट, तपासणी, सरकता जिना, शेवटच्या स्टेशनाची पाटी, सगळं तसंच. एकदा पुण्यात शिकलं की मुंबईत अडत नाही. आपल्या देशात भुयारी रेल्वे पहिल्यांदा सुरू झाली ती कोलकात्यात, १९८४ साली. त्याआधी लंडनला १८६३ मध्ये. तेव्हा ती कोळशाच्या इंजिनावर चालायची आणि भुयारात धूर कोंडायचा, तरीही लोक बसायचे. आपल्याला धूर नाही, धूळ नाही.

आता त्या लेकीच्या आईचं सांगतो. पुढच्या तारखेला गटातली एकजण तिच्याबरोबर गेली, पण काही बोलायचं नाही, फक्त मागे चालायचं असं ठरलं होतं. त्यानंतरच्या तारखेला ती एकटीच लेकीला घेऊन गेली. आता लेकच आईला सांगते, "आई, चौथं झालं, ऊठ." त्यानंतर एकही तारीख चुकलेली नाही. नवऱ्याचा रोज बुडत नाही. वाचलेले पैसे ती गटात लेकीच्या नावाने टाकते. नवऱ्याला आधी पटत नव्हतं, आता तोच गावात सांगत फिरतो.

म्हणून आमची तुम्हाला विनंती आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्यात कोणाला दवाखान्याची तारीख असते, कोणाची मुलगी पुण्यात शिकते, कोण माल विकायला जाते, ते विचारा. सोबतीचा हिशोब मांडा. मग शेतीची कामं कमी असतील असा एक दिवस काढा. सात-आठजणी जा, त्यात वाचता न येणारी एक तरी असू द्या, वयाने मोठी एक असू द्या. रामवाडीहून चढा, जिल्हा न्यायालयाला बदला, मंडईला उतरा, दगडूशेठला हात जोडा आणि परत या. तिकीट प्रत्येकीने स्वतः काढायचं. पुढारीण एकच नको, जाताना एकीने रस्ता काढायचा, येताना दुसरीने. घरी आल्यावर ज्या आल्या नाहीत त्यांना शिकवायचं. आमच्या बाराजणींपैकी चौघी अजून राहिल्या आहेत, त्यांना आम्ही सुगी झाली की नेणार आहोत.

तुमच्या गटाला काही अडलं तर रेडिओ केंद्रावर निरोप द्या, आमच्यापर्यंत पोचेल. नमस्कार.